‘बुखारा’ नावामागचे गालिचे

तुर्कमेन गालिचे युरोपात पोचले ते ‘बुखारा’ या नावाने. बुखारा ही त्यांची पेठ होती. विणणाऱ्या बायका राहत कॅस्पियन समुद्र ते अमू दर्या या वाळवंटी पट्ट्यातल्या तंबूंत. सालोर, सारिक, तेके, योमुत, एर्सारी ही त्यांच्या टोळ्यांची नावे मात्र पेठेतच गळून गेली आणि सुरुवातीचे बरेच संग्रह तांबड्या रंगावर भुलून झाले.

१८८१ मध्ये ग्योक-तेपेचा किल्ला पडला, तेके टोळीचा प्रदेश रशियाकडे गेला आणि १८८८ पर्यंत रेल्वे समरकंदला पोचली. त्यानंतर घरच्या वापरासाठी विणलेल्या वस्तूही विक्रीला निघाल्या: तंबूच्या भिंतीला टांगायच्या पिशव्या, दारावरचा ‘एन्सी’ हा पडदा, वरातीतल्या उंटाच्या कुशीवर बांधायचा पंचकोनी ‘अस्मालिक’. १९०० ते १९०२ या काळात सॅम्युइल दुदिन यांनी मध्य आशियात फिरून सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयासाठी असे नमुने गोळा केले. तेकेंचा मुलूख ज्या रशियन प्रांतात गेला त्याचे गव्हर्नर राहिलेले जनरल बोगोल्युबोव यांचा १९०८-०९ चा चित्रसंग्रह टोळीनिहाय मांडलेला होता. या छंदाला खरी शिस्त लागली ती इथून.

टोळी ओळखायची खूण म्हणजे ‘ग्योल’, गालिचाभर ओळीने येणारी भौमितिक आकृती. तेकेंचा ग्योल अष्टकोनी, चार भागांत विभागलेला आणि बारीक गडद रेषांच्या जाळीने शेजारच्या ग्योलांशी जोडलेला. योमुतांकडे आकडेदार कडांचे चौकट-आकारही दिसतात. जिंकलेल्या टोळीचा ग्योल हरलेल्यांना विणावा लागे, अशी मांडणी वालेंतिना मोश्कोवा यांनी केली. त्यांचा ग्रंथ १९७० मध्ये, त्यांच्या पश्चात, ताश्कंदला निघाला. ही मांडणी सर्वांनी स्वीकारली नाही, पण नक्षीला इतिहास असतो हे तिने संग्राहकांच्या मनावर ठसवले.

पुढे नक्षीइतकेच लक्ष गालिच्याच्या पाठीकडे, तिथे दिसणाऱ्या गाठींकडे गेले. आकृती उसनी घेता येते. गाठ मारायची सवय सहसा बदलत नाही. तेकेंची गाठ बहुतेक असममित, म्हणजे दोन उभ्या धाग्यांपैकी एकालाच पुरता वेढा घालणारी; सारिकांची बहुधा सममित. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या वस्त्रसंग्रहालयात तुर्कमेन गालिच्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तोवर ही तपासणी रुळली होती. रंगांचीही पारख होऊ लागली: मंजिष्ठेचा तांबडा जुना, तर कृत्रिम रंग १९व्या शतकाच्या उत्तरार्धातले.

१९९२ मध्ये तुर्कमेनिस्तानच्या राष्ट्रध्वजावर पाच ग्योल आले. २०१९ मध्ये ही विणकला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जुना गालिचा देशाबाहेर न्यायला आता तिथे तज्ज्ञांचा दाखला लागतो.