आभासी स्थानिक जाळे

आभासी स्थानिक जाळे किंवा व्हीलॅन म्हणजे एकाच तारांच्या व स्विचांच्या संचावर, केवळ मांडणीच्या साहाय्याने, उभी केलेली परस्परांपासून वेगळी अशी संगणकजाळी होत. 'व्हर्च्युअल लोकल एरिया नेटवर्क' या नावाच्या संक्षेपातून 'व्हीलॅन' ही संज्ञा रूढ झाली. मराठीत योजला जाणारा 'आभासी' हा शब्द थोडा फसवा आहे. येथे वेगळेपणाचा आभास नसतो, वेगळेपणा खराच असतो. प्रत्येक जाळ्याला स्वतःची स्वतंत्र तार आहे हा तेवढा आभास असतो.

पार्श्वभूमी

इथरनेट या पद्धतीत संगणकांमधील माहिती 'फ्रेम' नावाच्या लहान तुकड्यांतून जाते. प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. कोणत्या पोर्टामागे कोणता पत्ता आहे हे स्विच येणाऱ्या फ्रेमींवरून शिकतो आणि पुढची फ्रेम नेमक्या त्याच पोर्टाकडे धाडतो. परंतु काही फ्रेमी सर्वांसाठी असतात. 'अमुक पत्ता कोणाचा?' अशी हाक एखाद्या संगणकाने दिली, की ती जाळ्यातील प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचते. यास सर्वप्रसारण म्हणतात. ही हाक जेथवर ऐकू जाते तेवढे एक स्थानिक जाळे, अशी सोपी व्याख्या करता येईल.

यंत्रे वाढली की हाकाही वाढतात, आणि प्रत्येक यंत्राला त्या ऐकाव्याच लागतात. शिवाय एका हाकेच्या अंतरात असलेल्या यंत्रांना परस्परांशी थेट बोलता येते, मग ते इष्ट असो वा नसो. मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखादी तीनमजली शाळा डोळ्यांसमोर आणावी. तळमजल्यावर कार्यालय आहे, तेथे विद्यार्थ्यांचे दाखले, शुल्काच्या नोंदी आणि गुणपत्रके आहेत. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांची संगणक प्रयोगशाळा आहे. दोन्हींच्या तारा एकाच स्विचमध्ये खोचल्या असतील, तर प्रयोगशाळेतील कोणत्याही संगणकावरून कार्यालयातील संगणकाचे दार ठोठावता येते. पूर्वी यावर दोन वेगळे स्विच आणि दोन वेगळ्या तारा हाच उपाय होता. व्हीलॅनमध्ये स्विच एकच राहतो. १ ते १२ हे पोर्ट कार्यालयाचे आणि १३ ते २४ हे प्रयोगशाळेचे, असे त्याला सांगून ठेवले जाते. मग एका गटातील हाक दुसऱ्या गटात जात नाही. पुढे कार्यालयातील एखादे टेबल वरच्या मजल्यावर गेले, तर भिंत फोडून तार ओढावी लागत नाही, एका पोर्टाची नोंद बदलली की पुरते.

उगम

व्हीलॅनचा जन्म सुरक्षिततेच्या गरजेतून झालेला नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत इथरनेटवरून आवाज वाहून नेण्याचे प्रयोग केले आणि पुढे अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत ते मोठ्या जाळ्यांच्या प्रश्नाकडे वळले. अनेक स्विच जोडताना वर्तुळ तयार झाले, तर सर्वप्रसारणाची फ्रेम त्यात अखंड फिरत राहते. म्हणून राडिया पर्लमन यांच्या १९८५ मधील 'स्पॅनिंग ट्री' रीतीने जादा दुवे बंद ठेवून जाळ्याला झाडाचा आकार दिला जाई. झाडात मात्र बहुतेक वाहतूक बुंध्यातूनच जाते, आणि सेकंदाला १ कोटी बिट एवढ्या त्या काळच्या वेगात बुंधा लवकर तुंबे.

सिंकोस्की यांनी प्रत्येक फ्रेमीला एक खूण जोडण्याची कल्पना मांडली. खुणेला रंग समजावे. तांबड्या फ्रेमींसाठी एक झाड, हिरव्यांसाठी दुसरे, निळ्यांसाठी तिसरे. प्रत्येक झाडाचा बुंधा वेगळा, त्यामुळे एकाच जाळ्याची वहनक्षमता वाढते. चेस कॉटन यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगानुसार माणसांचे आणि खात्यांचे गट पाडावेत हा उपयोग नंतर पुढे आला, आणि मूळ हेतूला मागे टाकून तोच प्रमुख ठरला.

खुणेची रचना

आरंभी निरनिराळ्या कंपन्यांच्या खुणा निरनिराळ्या होत्या. १९९८ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.१क्यू हे मानक संमत केल्यावर त्यांत एकवाक्यता आली. या मानकानुसार फ्रेमीतील दोन पत्त्यांनंतर ४ बाइटांची खूण घातली जाते. त्यामुळे फ्रेमीची कमाल लांबी १,५१८ बाइटांवरून १,५२२ झाली. खुणेतील पहिले १६ बिट 'ही खूण आहे' एवढेच सांगतात. पुढील ३ बिट प्राधान्यासाठी असून दूरध्वनीचा आवाज सामान्य मजकुराच्या आधी पुढे काढणे त्यामुळे शक्य होते. गर्दीत कोणती फ्रेम आधी टाकून द्यावी हे १ बिट सांगतो. उरलेल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. १२ बिटांत ४,०९६ संख्या मावतात. त्यांपैकी पहिली व शेवटची राखीव असल्याने ४,०९४ क्रमांक वापरास मिळतात. १९९८ मध्ये हा आकडा अवाढव्य वाटला असावा.

सामान्य संगणकाला या खुणेचा पत्ताही नसतो. त्याच्या पोर्टावर स्विच स्वतःच खूण लावतो आणि काढतो. दोन स्विचांना जोडणाऱ्या 'ट्रंक' दुव्यावर मात्र अनेक व्हीलॅनच्या फ्रेमी खुणांसह एकत्र धावतात. दोन व्हीलॅनमध्ये संवाद हवा असल्यास तो राउटरमार्फतच होतो, आणि कोणाला जाऊ द्यायचे याचे नियम त्याच चौकीवर लावता येतात.

वापराविषयीचे संशोधन

मिनलान यू, जेनिफर रेक्सफर्ड, झिन सन, संजय राव आणि निक फीमस्टर यांनी विद्यापीठांच्या जाळ्यांतील व्हीलॅनची पाहणी करून २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सर्वप्रसारण आवरणे, प्रवेशाचे नियम सोपे करणे, विभागांना आपापला कारभार पाहू देणे आणि यंत्र कोठेही नेले तरी त्याचा पत्ता टिकवणे या कामांसाठी व्यवस्थापक व्हीलॅन वापरतात, असे त्यात दाखवले आहे. याच कामांसाठी व्हीलॅन अपुरे कसे पडते याचीही चर्चा त्यात आहे. प्रत्येक स्विचवर हाताने केलेल्या नोंदी चुकतात आणि चूक लवकर सापडत नाही. दूरच्या दोन इमारतींत एक व्हीलॅन पसरवले, की शेजारच्या टेबलावरील दोन संगणकांचा संवादही, ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये असल्यास, लांबच्या राउटरला वळसा घालून येऊ शकतो. झिन सन, संजय राव व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हा वळसा आणि सर्वप्रसारणाचा भार दोन्ही मोजून गटांची रचना गणिताने ठरवण्याची रीत सुचवली होती. अनुभवी माणसाच्या अंदाजावर चाललेल्या कामाला शास्त्राचा आधार देणारा हा प्रयत्न महत्त्वाचा मानला पाहिजे.

मर्यादा

व्हीलॅन म्हणजे कुलूप नव्हे. खूण लावल्याने मजकूर सांकेतिक होत नाही. ट्रंक दुव्यावर कान लावणाऱ्याला तो वाचता येतो. एकाच व्हीलॅनमधील यंत्रे एकमेकांना फसवू शकतात, तेथे ही योजना काहीच करत नाही. 'दुहेरी खूण' या प्रकारात हल्लेखोर एका फ्रेमीवर दोन खुणा लावतो. ट्रंकवर एक व्हीलॅन बिनखुणेचे धावत असते. हल्लेखोर त्याच व्हीलॅनमध्ये असल्यास पहिला स्विच वरची खूण काढून टाकतो, दुसऱ्याला आतली खूण दिसते आणि फ्रेम निषिद्ध गटात शिरते. उत्तर परत येत नाही, तरीही नुकसान होऊ शकते. म्हणून बिनखुणेच्या व्हीलॅनमध्ये कोणतेही यंत्र ठेवू नये, असा दंडक आहे.

शेजाऱ्यांचा प्रश्न याहून जवळचा आहे. अंधेरी वा बोरिवलीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेत इंटरनेट पुरवणाऱ्याने सर्व घरे एका व्हीलॅनमध्ये ठेवली, तर एका घरातील संगणक दुसऱ्या घराच्या हाकेच्या अंतरात येतो. प्रत्येक घराला स्वतंत्र क्रमांक द्यावा, तर एका उपनगराला ४,०९४ क्रमांक पुरणार नाहीत. यावर दोन उपाय निघाले. २००५ च्या ८०२.१एडी मानकाने एका खुणेवर दुसरी खूण लावण्यास रीतसर मान्यता दिली, त्यामुळे १ कोटी ६७ लाखांहून अधिक जोड्या मिळतात. दुसरा उपाय 'खासगी व्हीलॅन' हा होय. त्यात एकाच गटातील यंत्रे फक्त राउटरशी बोलतात, आपसांत नाही. माहिती केंद्रांसाठी २०१४ मध्ये व्हीएक्सलॅन ही पद्धत नोंदवली गेली, तिच्यात क्रमांकासाठी २४ बिट आहेत.

पवईतील संशोधन

मुंबई उपनगरातील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अश्विन गुमास्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खुणांचा अगदी वेगळा उपयोग केला. 'ऑम्निप्रेझेंट इथरनेट' या नावाने २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या योजनेत खूण गटाचे नाव सांगत नाही, वाट सांगते. जाळ्यातील जो थांबा दोनांहून अधिक फाट्यांचा असेल, तो दोन-दोन फाट्यांच्या अनेक काल्पनिक थांब्यांत विभागायचा. मग प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न उरतो, डावीकडे की उजवीकडे, आणि त्याचे उत्तर एका बिटात मावते. संपूर्ण प्रवास म्हणजे शून्य व एक यांची माळ; ती निघतानाच फ्रेमीच्या खुणांत लिहून दिली जाते. वाटेतील स्विचला पत्ते शिकण्याची, मोठी कोष्टके चाळण्याची वा स्पॅनिंग ट्रीची गरज राहत नाही.

या विचारावर 'कॅरियर इथरनेट स्विच राउटर' हे यंत्र पवईतच घडवण्यात आले आणि त्याचे तंत्रज्ञान इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी उपक्रमाकडे हस्तांतरित झाले. गुमास्ते यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार अभियांत्रिकी विज्ञान विभागात मिळाला. सिंकोस्की यांनीही खूण योजली होती ती वाहतुकीची वाट ठरवण्यासाठीच, हे साम्य येथे नोंदवण्याजोगे आहे.