आवाज वाढवावा की स्पीकर जवळ आणावा?

लखनऊमधील चारबाग हा अतिशय गजबजलेला परिसर आहे. उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे यांची दोन स्थानके येथे शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांतील घुमटांच्या भव्य इमारतीची पायाभरणी १९१४ साली झाली. गाडीचा आवाज या इमारतीबाहेर ऐकू येत नाही, अशी आख्यायिका लखनऊकर कौतुकाने सांगतात. आसपासच्या रस्त्यांवर मात्र भोंगे आणि हाका यांना खंड नसतो. अशा वस्तीत घरी संगणकावर काम करणारा किंवा ध्वनिमुद्रित पाठ ऐकणारा माणूस साहजिकच स्पीकरचा आवाज वाढवतो. मग शेजारच्या खोलीतील मुलाचा अभ्यास थांबतो, रुग्णाची झोपमोड होते आणि शब्द तरीही अस्पष्टच राहतात.

असे का होते? बोलण्यातील स्वर ठळक असतात. व्यंजने मात्र क्षीण व क्षणिक असतात. ‘कात’ आणि ‘पात’ यांतील भेद एका व्यंजनावरच अवलंबून असतो. भिंतींवर आदळून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळला, की ही व्यंजने झाकली जातात. आवाज वाढवला, तर भिंतींवरून परतणारा ध्वनीही तितकाच वाढतो.

यावर सोपा उपाय म्हणजे अंतर कमी करणे. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर निम्मे केले, की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. बंद खोलीत ही वाढ काहीशी कमी भरते. तरी कपाटावरचा स्पीकर मेजावर आणल्यास शब्द स्पष्ट होतात आणि खोलीतील गोंगाट वाढत नाही. उलट, आवाज कमी करता येतो.

मेजावर दोन्ही स्पीकर आपल्यापासून समान अंतरावर, कानांच्या उंचीकडे रोखून ठेवावेत. भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवल्यास खालचे स्वर फुगतात आणि बोलणे घुमते. मेज कंप पावत असल्यास खाली जाड कापडाची घडी ठेवावी. दूरस्थ बैठकीत स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून समोरच्याला स्वतःचेच बोलणे पुन्हा ऐकू येऊ शकते. तेव्हा हेडफोन वापरावा.

छोट्या स्पीकरला मर्यादाही असतात. बोलण्यासाठी तो पुरेसा असतो. दूरध्वनीवर पूर्वापार सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरला जात असे व तेवढ्यात बोलणे कळे. परंतु लखनऊमध्येच १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभे राहिले. तेथे शिकवल्या जाणाऱ्या गायनातील तानपुऱ्याचा खर्ज अशा स्पीकरवर दुबळाच वाटेल.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्त्यावरचा गोंगाट आपल्या हाती नसतो. पण मेजावरचा स्पीकर हातभर जवळ ओढणे आपल्या हाती असते. एकाच छपराखाली एकाला शिकता यावे आणि दुसऱ्याला झोपता यावे, यासाठी एवढे पुरेसे ठरू शकते.