शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट : अमेरिकेतली पद्धत काय आहे?

"आमच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत अकरावीत आहे आणि म्हणे आत्ताच कॉलेजचे दोन विषय करतोय. हे कसं काय?" नातेवाईक तिकडे असलेले पालक असं विचारतात. काहींना वाटतं मुलगा फारच हुशार असेल, काहींना वाटतं बहीण जरा फुगवून सांगतेय. दोन्ही खरं नाही. तिकडे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. एका विषयाचे बहुतेक वेळा ३ क्रेडिट मिळतात, म्हणजे वर्षाला ३० क्रेडिट, दहा विषय. तिथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं. त्या काळात मुलाने कॉलेजचे पाच विषय पूर्ण केले आणि पुढच्या कॉलेजने ते धरले, तर अर्ध्या वर्षाची फी वाचते. आपल्या लोकांसाठी यात आणखी एक बाब आहे. अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्जावरही व्याज लागतं. सूद टाळायची फिकीर असलेल्या घरात कर्ज जितकं कमी तितकं बरं, आणि घ्यावंच लागलं नाही तर उत्तमच.

मुख्य रस्ते दोन. पहिला एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था ते चालवते. मूल आपल्याच शाळेत वर्षभर कॉलेजच्या पातळीचा विषय शिकतं आणि मे महिन्यात परीक्षा देतं. गुण १ ते ५. बरीच कॉलेजं ३ किंवा ४ च्या पुढे क्रेडिट देतात, काही ५ च मागतात. परीक्षेची फी विषयाला शंभर डॉलरच्या आसपास, कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत असते. (२०१९ मध्ये या परीक्षा आणि रमजान दोन्ही ६ मे रोजी सुरू झाले होते. रोजा ठेवून तीन-तीन तासांचे पेपर! आता रमजान बराच अलीकडे सरकला आहे.)

दुसरा रस्ता ड्युअल एनरोलमेंट. यात मूल खरोखर कॉलेजचा वर्ग करतं, बहुतेक वेळा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात. एकाच विषयाची नोंद शाळेतही होते आणि कॉलेजातही. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्येच यासाठी कायदा केला. तिथे सरकारी शाळेतल्या मुलांना या योजनेत फी नाही, पुस्तकंही मोफत. सोमालियाहून आलेली हजारो मुस्लिम कुटुंबं याच राज्यात राहतात. वॉशिंग्टन राज्यात अकरावी-बारावीच्या मुलांना अशीच योजना आहे, शिकवणी फी माफ, पण पुस्तकांचा आणि जाण्यायेण्याचा खर्च घरचा. म्हणून तिकडच्या नातेवाइकांनी आपल्या राज्याचा नियम शाळेच्या काउन्सिलरला आधी विचारावा.

आता जिथे पालक फसतात ते नीट समजून घ्या. एपीमध्ये सगळं एका परीक्षेवर असतं. गुण कमी पडले तर ते कॉलेजला न पाठवण्याची सोय आहे. ड्युअल एनरोलमेंटचं तसं नाही. तिथे मिळालेला ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने हजेरी लावली नाही, असाइनमेंट दिल्या नाहीत आणि डी किंवा एफ आला, तर तो डाग पुढे सोबत येतो. मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर जास्तच जपावं, कारण मेडिकलच्या अर्जात शाळेत असताना केलेले कॉलेजचे विषयही दाखवावे लागतात आणि त्यांचे ग्रेड सरासरीत धरले जातात. काही मेडिकल कॉलेजं तर केमिस्ट्री-बायोलॉजीच्या सक्तीच्या विषयांसाठी एपीचं क्रेडिट मानतच नाहीत. माझं मत विचाराल तर सुरुवात एकाच विषयाने करावी, तोही मुलाला आवडणारा. शेजारच्याने चार घेतले म्हणून आपणही चार, हे नको.

दुसरा खड्डा म्हणजे क्रेडिट मिळालं तरी ते चालेलच असं नाही. राज्याची सरकारी विद्यापीठं त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट बहुधा घेतात. खासगी कॉलेजांचं काही सांगता येत नाही. डार्टमथसारखं नामांकित कॉलेज एपीसाठी पदवीचं क्रेडिट देतच नाही, फार तर वरच्या वर्गात बसू देतं. मुलाला जिथे जायचंय त्या कॉलेजची यादी आधी वाचायची, मग विषय निवडायचा.

आणि आपल्याकडे? २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेपासून पीएचडीपर्यंतचं शिक्षण क्रेडिटमध्ये मोजायची कल्पना आहे. पण आपल्या ज्युनिअर कॉलेजातलं मूल अमेरिकेसारखे पदवीचे विषय आधी उरकतंय, असं चित्र अजून नाही. जवळची एक गोष्ट मात्र आहे. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीसाठी अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेलं मूल अर्ज करू शकतं, शाखा कोणतीही असो, दहावीला गणित आणि इंग्रजी असले की झालं. त्यांचे चार आठवड्यांचे धडे करून पात्रता परीक्षा पास झालं, तर बारावीनंतर थेट प्रवेश. जेईई लागत नाही, आणि अभ्यास घरून होतो.