जुना संगणक आणि मराठी शुद्धलेखन : पंचवीस वर्षांचा मागोवा

शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेत अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामसभेची इतिवृत्तं टाइप करणारे संगणक बंद पडेपर्यंत चालवले जातात. त्यांवर मराठी शुद्धलेखन तपासता येत नाही, याचा दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. गेल्या पंचवीस वर्षांचा क्रम पाहिला तर हा दोष पटत नाही. 2001 साली विंडोज एक्सपी आलं, त्यात देवनागरीची सोय होती. पण ती मूळ सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. सीडी हाताशी नसायची, सांगणारंही कुणी नसायचं. त्यामुळे श्रीलिपी, आकृतीसारखे फॉन्ट टिकून राहिले. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन लिपीचे संकेत साठत. अशा मजकुरातले शब्द सर्वसाधारण तपासनीसाला ओळखताच येत नाहीत, मग संगणक कितीही नवा असो.

देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणारं युनिकोड रुळल्यावर वाट मोकळी झाली. 2006 मध्ये ओपनऑफिसने शुद्धलेखन तपासण्यासाठी हनस्पेल स्वीकारलं. हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेसाठी घडलेलं हे साधन मराठीला चपखल बसतं. ‘शहापूर’मधला पू दीर्घ, ‘शहापुरात’ मात्र पु ऱ्हस्व. प्रत्येक रूप वेगळं नोंदवायचं तर यादी संपणारच नाही. हनस्पेल मूळ शब्द एका फाइलीत ठेवतं आणि प्रत्ययांचे नियम दुसरीत. दोन्ही साध्या मजकुराच्या फायली, जुन्या यंत्रालाही पेलणाऱ्या. पण मराठी तपासणी हाताशी आली तोवर यंत्रांचा आधार सुटू लागला होता. एक्सपीची मदत 8 एप्रिल 2014 रोजी थांबली, विंडोज 7ची 14 जानेवारी 2020 रोजी, विंडोज 10ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी. ओपनऑफिसमधूनच पुढे आलेल्या लिबरऑफिसची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती 5.4, तीही 2017 सालची.

मदत थांबलेला संगणक वापरणं धोक्याचं, हा आक्षेप रास्त आहे. बँकेचे व्यवहार किंवा ईमेल त्यावर करूच नयेत. पण शुद्धलेखन तपासायला इंटरनेट लागत नाही. जोडणी काढून ठेवावी, फायली पेनड्राइव्हने न्याव्यात आणि नव्या यंत्रावर व्हायरस तपासून उघडाव्यात. नवा संगणक घ्या, असंही सांगतात. ऐपत असेल त्यांनी जरूर घ्यावा. पण जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय तिथेही तपासला जाणार नाही. खरी उणीव माहितीची आहे. लिबरऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडायची असते आणि जुन्या आवृत्तीत मराठी शब्दकोश वेगळा बसवावा लागतो, एवढं न कळल्यामुळे ‘हे चालतच नाही’ असा समज पक्का होतो. तालुक्यातल्या संगणक वर्गांनी हे शिकवायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

दुरुस्तीची दुकानं चालवणाऱ्यांना विनंती आहे : लिबरऑफिसची जुनी आवृत्ती आणि मराठी शब्दकोश पेनड्राइव्हवर जपून ठेवा, मागेल त्याला द्या. टायपिंग करणाऱ्यांनी किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे ही गावांची नावं लाल रेघेखाली आली तर खात्री करून शब्दकोशात घालावीत आणि ती फाइल शेजारच्या दुकानालाही द्यावी.