एक्सप्लेनर : गाडी बंद, पण वाट शिल्लक! राळेगावहून ‘शकुंतले’च्या मार्गावर दोन दिवसांची रेट्रो सहल कशी आखाल?

राळेगाव : जुन्या काळात घेऊन जाणाऱ्या सहलींसाठी हल्ली अनेकजण जपानमधील क्योटोचे बेत आखतात. यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या पिढीसाठी मात्र ‘रेट्रो’ म्हणजे शकुंतला. ही गाडी आता धावत नाही. तरीही तिच्या वाटेवरची गावे पाहत दोन दिवसांची सहल करता येते.

शकुंतला म्हणजे नेमके काय?
७६२ मिलिमीटर रुंदीची ही नॅरोगेज लाइन ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातील कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला पाठवण्यासाठी टाकली. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किमी आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किमी असे तिचे दोन भाग. १९५१च्या राष्ट्रीयीकरणानंतरही तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेल्या वाफेच्या इंजिनाने गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

पहिला दिवस
राळेगावहून एसटीने कळंब गाठावे. तेथील चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून दर्शन घ्यावे लागते. पुढे यवतमाळ, म्हणजे शकुंतलेचे शेवटचे स्थानक. तेथून दारव्हामार्गे कारंजा (लाड) येथे मुक्काम.

दुसरा दिवस
कारंजात नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जुनी जैन मंदिरे आणि वेशी पाहाव्यात. तेथून मूर्तिजापूर, हे मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरील जंक्शन आहे. ब्रॉडगेज गाडीने वर्धा आणि तेथून कळंब. वर्धा-कळंब हा नवा रेल्वेमार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा रीतीने जुन्या लाइनच्या वाटेने जाऊन नव्या लाइनने परतता येते.

काय लक्षात ठेवाल?
- वर्धा-कळंब गाडीचे दिवस व वेळ आधी तपासा. गाडी नसल्यास वर्ध्याहून एसटीने परता.
- नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. ऊन कमी असते आणि बाजारात कापसाची आवकही पाहायला मिळते.
- जुने रूळ व इमारती ही रेल्वेची हद्द आहे. परवानगीशिवाय आत जाऊ नका.
- घरातील ज्येष्ठांना सोबत न्या. शकुंतलेतून प्रवास केलेल्यांच्या आठवणी कोणत्याही फलकावर लिहिलेल्या नाहीत.

आताच का जावे?
जपानच्या ओइगावा रेल्वेने १९७६ मध्ये पर्यटकांसाठी वाफेची इंजिने पुन्हा रुळावर आणली. आपल्याकडे १९०७ची नेरळ-माथेरान गाडी पर्यटकांमुळेच टिकून आहे. शकुंतला पुन्हा सुरू करण्याची मागणी कायम आहे, तर दुसरीकडे ब्रॉडगेजचीही मागणी आहे. दळणवळणासाठी ब्रॉडगेज गरजेचेच. पण ते झाल्यास अरुंद रूळ उखडले जातील. म्हणूनच ज्यांना ही वाट पाहायची आहे, त्यांनी ती शिल्लक असतानाच पाहून घ्यावी.