ज्यांची साक्षच काढली नाही, त्यांचा इतिहास

कोर्टात काम करणाऱ्या कुणालाही एक गोष्ट लवकरच कळते. बाजू कितीही खरी असो, साक्षीपुरावा नोंदवला गेला नाही तर निकाल विरुद्ध जातो. इतिहासाचेही तसेच आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची साक्ष न काढताच निकाल दिले गेले आणि त्या निकालांनाच ‘इतिहास’ म्हणण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील असा एक निकाल फिरवण्यासाठी एका कृष्णवर्णीय विद्वानाने अर्धे आयुष्य लेखणी झिजवली. त्यांचे नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस. मार्टिन ल्यूथर किंग आमच्या चळवळीत सर्वांना माहीत आहेत. ड्यू बॉईस मात्र फार थोड्यांना माहीत आहेत. बाबासाहेबांना ते चांगले माहीत होते.

२३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या गावी त्यांचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. फिस्क, हार्वर्ड आणि बर्लिन येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९५ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. आफ्रिकी गुलामांच्या व्यापारावर बंदी कशी आली, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हार्वर्डने आपल्या इतिहास ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून तो १८९६ साली छापला. पुढे फिलाडेल्फियातील काळ्यांच्या वस्तीत घरोघर फिरून त्यांनी केलेली पाहणी १८९९ साली ग्रंथरूपाने आली. एवढी विद्वत्ता असूनही गोऱ्यांच्या एकाही विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची खुर्ची दिली नाही. त्यांनी शिकवले ते अटलांटा येथील काळ्यांच्या विद्यापीठात. पदवी मोठी की कातडीचा रंग मोठा, याचे उत्तर त्यांना असे मिळाले. आमच्या वाचकांना हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांनी ज्या खोट्या इतिहासाशी झुंज घेतली तो कोणता? १८६५ साली यादवी युद्ध संपले. सुमारे दोन लाख काळे सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले होते. त्यानंतर राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले आणि १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीने मताधिकारात वर्णभेदाला बंदी केली. काल ज्यांची बाजारात बोली लागत होती ती माणसे विधिमंडळात बसू लागली. १८७० साली हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. या नव्या विधिमंडळांनी दक्षिणेत सार्वजनिक शाळांचा पाया घातला. या काळाला अमेरिकेत पुनर्रचनेचा काळ म्हणतात. परंतु १८७७ साली राजकीय तडजोड झाली, केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि जुने मालक पुन्हा सत्तेवर बसले. घटनेतील हक्क कागदावर राहिले.

यानंतर विद्यापीठांनी आपले काम केले. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी ग्रंथावर ग्रंथ लिहून सिद्धांत मांडला की, काळ्यांना मताधिकार देणे हीच चूक होती; ते राज्य करण्यास नालायक होते आणि त्यांचे राज्य म्हणजे भ्रष्टाचार. १९१५ साली याच कथेवर ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट निघाला आणि त्यात कु क्लक्स क्लान तारणहार ठरली. म्हणजे आधी हक्क काढून घेतले आणि मग ते काढून घेणे योग्यच होते असा इतिहास लिहिला.

ड्यू बॉईस यांनी या निकालाला पहिले आव्हान १९०९ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या सभेत दिले. पुनर्रचनेचे फायदे सांगणारा निबंध त्यांनी तेथे वाचला. १९१० साली तो असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला. ‘निग्रो’ हा शब्द इंग्रजीत विशेषनामासारखा मोठ्या अक्षराने छापावा, एवढी मागणी त्यांनी केली. संपादकांनी तीही नाकारली. त्याच वर्षी ते एनएएसीपी या संघटनेच्या ‘द क्रायसिस’ या मासिकाचे संपादक झाले. पुढे १९३४पर्यंत त्यांनी ते चालवले आणि लिंचिंगच्या बातम्या, मृतांच्या आकड्यांसह, देशापुढे मांडल्या.

मग १९३५ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला, ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’. गुलामांनी मळे सोडून संघराज्याच्या छावण्यांकडे धाव घेतली, तो त्यांचा सार्वत्रिक संप होता, असे त्यांनी मांडले. स्वातंत्र्य कुणी दान दिले नव्हते, गुलामांनी ते स्वतः घडवून आणले होते. शेवटच्या प्रकरणात त्यांनी इतिहासकारांची उलटतपासणीच घेतली. संदर्भसूचीतही काळ्यांना माणूस न मानणाऱ्या लेखकांचा वेगळा गट पाडून त्यांनी कोणता साक्षीदार कोणत्या बाजूचा आहे हे उघड केले. ज्या नियतकालिकाने १९१० साली त्यांचा निबंध छापला होता, त्याने त्या काळी या ग्रंथाचे परीक्षणसुद्धा छापले नाही. उत्तर देता येत नसेल तर अनुल्लेखाने मारायचे, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही.

डनिंग कोलंबियात शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब तेथे विद्यार्थी होते. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी युद्धानंतर काळ्यांचा कसा विश्वासघात झाला याचा दाखला देऊन अस्पृश्यांना सावध केले. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा विचार होता. ड्यू बॉईस यांनी निवेदन पाठवले आणि अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती कळवली. पुढच्याच वर्षी त्यांच्या संपादनाखाली एनएएसीपीचे सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांत सादर झाले. त्यावर कारवाई झाली नाही, पण नोंद राहिली.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ड्यू बॉईस यांनी भारत पाहिला तो प्रामुख्याने राष्ट्रवाद्यांच्या नजरेतून. लाला लजपतराय त्यांचे स्नेही होते. १९२८च्या त्यांच्या कादंबरीची नायिका भारतीय राजकन्या आहे. ब्रिटिशांखाली दबलेला भारत त्यांना दिसला, पण त्या भारताखाली दबलेला भारत त्यांना बाबासाहेबांच्या पत्रातून भेटला. म्हणूनच दूरच्या मित्रालाही आपली बाजू आपणच सांगावी लागते.

१९५१ साली, वयाच्या ८३व्या वर्षी, शांतता चळवळीतील कामाबद्दल त्यांच्यावर परकीय सत्तेचे हस्तक म्हणून खटला भरला गेला. त्यांच्या हातांत बेड्या पडल्या. पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले, तरी पुढे अनेक वर्षे पासपोर्ट मिळाला नाही. १९६१ साली एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार करण्यासाठी घानात गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी, ९५व्या वर्षी, आक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात ही बातमी जाहीर करण्यात आली.

आणि निकाल? तो फिरला. १९८८ साली एरिक फोनर यांचा पुनर्रचनेवरील ग्रंथ आला आणि ड्यू बॉईस यांची मूळ मांडणी मान्यता पावली. फोनर प्राध्यापक होते त्याच कोलंबियात, जेथून डनिंग यांनी खोटा निकाल दिला होता. पण १९३५ ते १९८८ म्हणजे ५३ वर्षे. या अपिलाचा निकाल लागला कारण कागद अगोदरच दाखल झालेले होते.

आमच्या मते कार्यकर्त्यांनी ड्यू बॉईस यांच्याकडून घ्यायचे ते हेच. मोर्चा संध्याकाळी संपतो, भाषण हवेत विरते. निवेदनाची प्रत, सभेचा वृत्तांत, अत्याचाराच्या गावातील जबाब, वृद्ध कार्यकर्त्यांच्या आठवणी हे सारे लिहून, तारीख घालून जपून ठेवले तरच उद्याच्या इतिहासकारासमोर आपली बाजू उभी राहील. पुरावा आपण दाखल केला नाही तर तो आपल्या वतीने दुसरा कोण दाखल करणार?