रोलेक्स परवडत नाही? मग होमाज डाईव्ह वॉच घ्यायचं का?

काळी डायल, त्यावर पांढरे गोल ठिपके, भोवती फिरणारी काळी रिंग आणि स्टीलचा पट्टा. असं घड्याळ तुम्ही रील्समध्ये शंभरदा पाहिलं असेल. हे रूप रोलेक्सच्या सबमरीनरचं, १९५३ पासूनचं. आज नवं सबमरीनर घ्यायचं तर कित्येक लाख रुपये मोजावे लागतात. पण जवळपास तसंच दिसणारं घड्याळ दहा-पंधरा हजारांत, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळतं. त्यालाच होमाज वॉच म्हणतात.

मग हे 'फर्स्ट कॉपी'च झालं ना? नाही. फरक डायलवरच्या नावाचा आहे. होमाज बनवणारी कंपनी रूप दुसऱ्याचं घेते, पण नाव स्वतःचं लावते. इन्व्हिक्टाचं प्रो डायव्हर बघा. दुरून सबमरीनर वाटतं, पण डायलवर इन्व्हिक्टा लिहिलेलं असतं आणि केसच्या कडेवरही तेच नाव ठळक कोरलेलं असतं. (अनेकांना ते कोरीव नाव आवडत नाही, ते वेगळं!) फर्स्ट कॉपीवर मात्र रोलेक्सचं नाव आणि मुकुट असतो, म्हणजे ती सरळ सरळ बनावट. असा माल विकणं आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. परदेशातून मागवला तर कस्टम्सवाले पार्सल जप्त करू शकतात.

काहींना होमाजही नक्कलच वाटते, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पण ती फिरणारी रिंग, म्हणजे बेझल, एकट्या रोलेक्सची नाही. ब्लँपेनचं फिफ्टी फॅदम्सही १९५३ चंच, आणि त्यालाही ती होती. कारण ती शोभेची नाही, कामाची वस्तू आहे. पाण्यात उतरताना रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. वीस मिनिटांनी काटा रिंगवरच्या २० पाशी येतो, हिशेब करायची गरजच नाही. आधुनिक डाईव्ह वॉचमध्ये ही रिंग एकाच दिशेने फिरते, काट्यांच्या उलट. समजा धक्का लागून ती सरकली, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. पाणबुड्या लवकर वर येतो आणि सिलिंडरमध्ये हवा शिल्लक असते. घरी कुकरची वेळ मोजायलाही हीच युक्ती चालते.

आता आतलं मशीन. अनेक ऑटोमॅटिक होमाज घड्याळांत सेको गटाचं एनएच३५ मूव्हमेंट असतं. हातातून काढून ठेवलं तर ते साधारण ४१ तास चालतं. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे, इतका फरक कंपनीच गृहीत धरते. सबमरीनर साधारण ७० तास चालतं आणि दिवसाला फार तर २ सेकंद चुकतं. हा फरक खरा आहे, पण तो लाखांचा आहे का? आठवड्यातून एकदा मोबाईल बघून वेळ लावली की काम झालं. शिवाय एनएच३५ इतकं सर्रास मिळतं की बिघडल्यास अख्खं मूव्हमेंट बदलणंही परवडतं. वर्णनात फक्त 'ऑटोमॅटिक' लिहिलंय आणि मूव्हमेंटचं नाव नाही, तर मी ते घड्याळ घेणार नाही.

सगळ्यात जास्त फसगत पाण्याच्या आकड्यात होते. '३० मीटर' म्हणजे ३० मीटर खोल जाता येतं असं नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, इतकाच त्याचा अर्थ. पोहायला १०० मीटर हवेत. तारकर्लीला स्कूबा करायचं असेल तर २०० मीटर आणि स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी बघा. आयएसओ ६४२५ हे पाणबुड्यांच्या घड्याळाचं प्रमाण आहे. ते नसेल तर छापलेल्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका, आधी घड्याळजीकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. आतले रबरी गॅस्केट काही वर्षांनी सुकतात, तेव्हा ही टेस्ट पुन्हा करावी लागते.

पुढे विकायचं म्हटलं तर होमाजला फारशी किंमत येत नाही, हे धरूनच घ्या.

आणि रोलेक्ससारखंच दिसायला हवं असा हट्ट नसेल, तर कॅसिओचं ड्युरो एकदा बघा. क्वार्ट्झ आहे, त्यामुळे वेळ एनएच३५ पेक्षा अचूक. २०० मीटर वॉटर रेझिस्टन्स आहे, चावी स्क्रूची आहे, आणि किंमत बऱ्याच ऑटोमॅटिक होमाजपेक्षा कमी.